खणून नेलेल्या बेटाचा दावा: नाउरू विरुद्ध ऑस्ट्रेलिया

प्रकरण काय आहे

१९ मे १९८९ रोजी पॅसिफिक महासागरातल्या नाउरू या २१ चौरस किलोमीटरच्या देशाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियावर दावा दाखल केला. नाउरू तेव्हा संयुक्त राष्ट्रांचा सभासदही नव्हता. दाव्याचा गाभा असा होता: आमचे बेट विश्वस्त म्हणून तुमच्या ताब्यात दिले होते, त्या काळात तुम्ही त्याची जमीन खणून नेली, ती पुन्हा वापरण्याजोगी करून देण्याची जबाबदारी तुमची. १९९२ मध्ये न्यायालयाने ऑस्ट्रेलियाच्या प्राथमिक हरकती फेटाळल्या आणि १९९३ मध्ये १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड झाली.

या कथेला छोट्या देशाच्या विजयाचे रूप दिले जाते. तो विजय खराच होता. पण तडजोडीनंतरच्या तीस वर्षांत जमीन फारशी परत आली नाही, आणि देश पुन्हा ऑस्ट्रेलियाच्याच पैशावर उभा राहिला. असे का झाले हे कळण्यासाठी १९६४ पासूनचे एकेक वळण तपासावे लागते.

पार्श्वभूमी: तीन सरकारांचे खत

१८८८ मध्ये जर्मनीने नाउरू आपल्या ताब्यात घेतले. १८९९ मध्ये सिडनीतल्या एका कंपनीच्या कचेरीत दार अडवायला ठेवलेला दगड अल्बर्ट एलिस याने तपासून घेतला आणि तो उच्च प्रतीचा फॉस्फेट निघाला. पुढच्या वर्षी शेजारचे बनाबा बेट आणि नाउरू, दोन्हीकडे हाच दगड भरपूर असल्याचे स्पष्ट झाले. नाउरूवर १९०६ च्या सुमारास खाणकाम सुरू झाले.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची शेती कशावर उभी राहिली हे पाहिल्याशिवाय या दगडाचे महत्त्व कळत नाही. ऑस्ट्रेलियाची माती फार जुनी आणि स्फुरदाला गरीब. गहू आणि मेंढ्यांची कुरणे सुपरफॉस्फेटशिवाय टिकत नाहीत, आणि सुपरफॉस्फेट बनवायला हाच दगड गंधकाम्लात मुरवावा लागतो. त्यामुळे १९१४ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याने बेट घेतल्यावर ते सोडायची कुणाचीच इच्छा नव्हती.

२ जुलै १९१९ रोजी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी आपसांत करार केला. ब्रिटन ४२ टक्के, ऑस्ट्रेलिया ४२ टक्के, न्यूझीलंड १६ टक्के, अशी वाटणी ठरली. तिघांचा एकेक प्रतिनिधी असलेले ‘ब्रिटिश फॉस्फेट कमिशनर्स’ हे मंडळ स्थापन झाले आणि जुन्या कंपनीचे हक्क ३५ लाख पौंडांना विकत घेतले गेले. करारात दोन कलमे अशी होती की पुढचे सगळे त्यांच्यातून निघाले. एक, फॉस्फेट तिन्ही देशांच्या शेतीला उत्पादनखर्चाच्या भावाने द्यायचे. दोन, कमिशनरांच्या कारभारात कोणत्याही सरकारने ढवळाढवळ करायची नाही. राष्ट्रसंघाने बेट सोपवले १७ डिसेंबर १९२० रोजी, म्हणजे बेटावरची संपत्ती वाटून झाल्यावर दीड वर्षाने.

प्रशासक ऑस्ट्रेलिया नेमत असे. बेटावरच्या कुटुंबांना टनामागे स्वामित्वधन मिळे, सुरुवातीला टनाला अर्धा पेनी. दर नंतर वाढत गेला, पण जागतिक बाजारभावाशी त्याचा संबंध नव्हता, कारण माल बाजारात जातच नव्हता. पुढे हिशोब मांडताना हीच सर्वांत मोठी अडचण ठरली: नफा कुणाच्या खात्यात दिसत नव्हता, तो ऑस्ट्रेलियातल्या शेतकऱ्याच्या स्वस्त खतात मुरलेला होता.

दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट घेतले आणि सुमारे १,२०० नाउरूवासीयांना ट्रुक बेटांवर नेले. ३१ जानेवारी १९४६ रोजी ७३७ जण परत आले. १९४७ मध्ये नाउरू संयुक्त राष्ट्रांचा विश्वस्त प्रदेश झाला. सनदेच्या ७६ व्या कलमाप्रमाणे तिथल्या लोकांची आर्थिक, सामाजिक आणि राजकीय प्रगती साधणे हे प्रशासकीय सत्तेचे, म्हणजे प्रदेश चालवणाऱ्या सरकारांचे, कर्तव्य ठरले. खाण मात्र जुन्याच कमिशनरांकडे राहिली.

जमिनीचे नेमके काय होते

नाउरूच्या किनाऱ्याभोवती हिरवा, सपाट, अरुंद पट्टा आहे आणि मध्ये उंच पठार. त्याला तिथे टॉपसाइड म्हणतात. बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग हाच. पठारात प्रवाळाच्या चुनखडीचे सुळके आहेत आणि सुळक्यांच्या मधल्या खोबणींत फॉस्फेट भरलेले होते. काम असे चाले: आधी झाडे आणि वरची माती काढायची, मग क्रेनच्या जबड्याने खोबणींतून माल उपसायचा, तो किनाऱ्यावर ऐवोला आणायचा, तिथे दळून, वाळवून समुद्रावर झुकलेल्या कॅन्टिलिव्हरच्या पट्ट्यांवरून जहाजात सोडायचा. बेटाला बंदर नव्हते. प्रवाळकड्यापासून तळ इतका खोल जातो की जहाजे खोल समुद्रातल्या बोयांना बांधावी लागत.

उपसा झाल्यावर मागे राहतात ते उघडे, टोकदार, कित्येक मीटर उंचीचे सुळके. त्यांच्यात शेती होत नाही, घर बांधता येत नाही, चालणेही कठीण. ही जमीन पूर्ववत करायची तर सुळके तोडायचे, दळायचे, खड्डे भरायचे, आणि वर माती घालायची. शेवटची पायरी सर्वांत अवघड, कारण वरची माती आधीच गेलेली असते आणि बेटावर दुसरीकडे जास्तीची माती नाही. खालची चुनखडी सच्छिद्र; पावसाचे पाणी धरून ठेवणारा थर तयार झाल्याशिवाय झाड उभे राहत नाही. ‘पुनर्भरण’ या एका शब्दात इतकी कामे येतात. तडजोडीच्या कागदावर रक्कम लिहिताना ही पायऱ्यांची यादी सोबत नव्हती, याचे परिणाम पुढे दिसले.

पहिला निर्णय: बेट सोडायचे का? (१९६२–६४)

फॉस्फेट संपल्यावर लोकांनी जायचे कुठे, या प्रश्नाला ऑस्ट्रेलियाचे उत्तर होते स्थलांतर. क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळचे कर्टिस बेट देऊ केले गेले. जमीन, घरे, ऑस्ट्रेलियन नागरिकत्व मिळणार होते. नाउरूची मागणी वेगळी होती: तिथे आम्ही आमचे राज्य चालवू. ऑस्ट्रेलिया स्थानिक कारभारापलीकडे काही द्यायला तयार नव्हता. १९६४ मध्ये हॅमर डी-रोबर्ट यांच्या नेतृत्वाखालच्या नाउरूवासीयांनी नकार दिला.

हा नकार आत्मघातकी होता असे तेव्हा अनेकांना वाटले. आज मागे पाहिले तर तोच पुढच्या सगळ्याचा पाया दिसतो. शेजारच्या बनाबाचे लोक १९४५ मध्येच फिजीच्या राबी बेटावर नेले गेले होते. त्यांच्या बेटावरही हेच कमिशनर खणत होते. बनाबावासीयांनी लंडनच्या उच्च न्यायालयात ब्रिटिश सरकारवर दावा लावला. सुनावणी दोनशेहून अधिक दिवस चालली, न्यायाधीश बेट पाहून आले. १९७७ च्या निकालाने सांगितले की सरकारच्या वागण्यात चुका असतील, पण कोर्टाने अंमलात आणावी अशी विश्वस्ताची कायदेशीर जबाबदारी इथे नाही. हाती आले ते मेहेरबानी म्हणून देऊ केलेले एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर. खाण तीच, कमिशनर तेच. पण बनाबावासीय प्रजा म्हणून आपल्याच राजसत्तेच्या न्यायालयात उभे राहिले, तर नाउरू राज्य म्हणून हेगला गेला. जमीन न सोडल्यामुळेच राज्य झाले, आणि राज्य असल्यामुळेच दावा करता आला.

दुसरा निर्णय: स्वातंत्र्याच्या करारात काय लिहायचे? (१९६५–६७)

२१ डिसेंबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने बेट पूर्ववत करण्यासाठी ताबडतोब पावले उचलावीत असा ठराव केला. त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने, जिला डेव्ही समिती म्हणतात, १९६६ मध्ये अहवाल दिला: खाणी भरून काढणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, पण व्यवहारात शक्य नाही. विमानतळ, पाणी साठवण अशा मर्यादित उपयोगांसाठी जमीन वापरावी, असा तिचा सल्ला होता. प्रशासकीय सत्तेला हे सोयीचेच होते.

१९६७ च्या वाटाघाटींत तीन सरकारांचे म्हणणे असे की फॉस्फेटच्या नव्या भावातून नाउरूला इतके उत्पन्न मिळेल की जमिनीच्या पुनर्भरणासह भविष्यातल्या सगळ्या गरजा त्यातून भागतील. नाउरूच्या शिष्टमंडळापुढे दोन वाटा होत्या. हट्ट धरून पुनर्भरणाचे कलम घालून घ्यायचे आणि करार लांबवायचा, किंवा खाण आणि स्वातंत्र्य आधी पदरात पाडून घ्यायचे.

त्यांनी दुसरी वाट धरली, पण तोंड बंद ठेवले नाही. १४ नोव्हेंबर १९६७ च्या करारात कमिशनरांची मालमत्ता सुमारे २ कोटी १० लाख डॉलरना विकत घेण्याचे ठरले. त्या करारात पुनर्भरणाचा उल्लेख नाही, आणि हक्क सोडल्याचाही नाही. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळापुढे डी-रोबर्ट यांनी नोंदवले की आजवर खणलेल्या जमिनीची जबाबदारी प्रशासकीय सत्तेची आहे. यापुढे आम्ही खणू त्याची आमची.

या विभागणीत मोठे शहाणपण होते. १ जुलै १९६७ पूर्वी खणलेला भाग एकूण बेटाच्या साधारण एक-तृतीयांश. पुढच्या खाणकामाचा फायदा नाउरूला होणार होता, त्यामुळे त्याचा खर्चही स्वतःवर घेतल्याने दाव्याचे नैतिक आणि कायदेशीर क्षेत्र स्पष्ट झाले. पंचवीस वर्षांनी ‘तुम्ही हक्क सोडलात’ ही ऑस्ट्रेलियाची हरकत न्यायालयाने फेटाळली ती याच नोंदींच्या जोरावर. कराराच्या टेबलावर हरलेला मुद्दा त्याच आठवड्यांत दुसऱ्या अधिकृत व्यासपीठावर लेखी नोंदवून ठेवणे, एवढ्या एका कृतीने दावा जिवंत राहिला.

३१ जानेवारी १९६८ रोजी, ट्रुकहून परतण्याच्या दिवशीच, देश स्वतंत्र झाला. १९७० मध्ये खाण पूर्णपणे नाउरूच्या हाती आली.

वीस वर्षांचा विलंब

४ फेब्रुवारी १९६९ च्या पत्राने ऑस्ट्रेलियाने जबाबदारी नाकारली. त्यानंतर नाउरूच्या राष्ट्राध्यक्षांनी १९७३ आणि १९७४ मध्ये बोलण्यात विषय काढला. पुढचे औपचारिक पत्र गेले ६ ऑक्टोबर १९८३ रोजी. मधली चौदा वर्षे कागदावर जवळजवळ कोरी आहेत.

कारण समजण्यासारखे आहे. सत्तरच्या दशकात फॉस्फेटचे भाव चढले, माणशी उत्पन्नात नाउरू जगातल्या वरच्या देशांत गणला जाऊ लागला. मेलबर्नमध्ये ५२ मजली नाउरू हाउस उभे राहिले, स्वतःची विमान कंपनी सुरू झाली. ज्याच्याकडे खणायला अजून भरपूर आहे त्याला आधीच्या खड्ड्यांची घाई नसते. न्यायालयाने विलंबामुळे दावा नाकारला नाही, पण या विलंबामुळे तथ्ये आणि कायदा ठरवताना ऑस्ट्रेलियाला तोटा होऊ नये याची काळजी घेऊ, असे नोंदवून ठेवले. दरवर्षी एक पत्र पाठवण्याचा खर्च नगण्य होता. ते पाठवले असते तर ही हरकत उभीच राहिली नसती.

पर्याय आणि तयारी (१९८६–८९)

डिसेंबर १९८६ मध्ये नाउरू सरकारने स्वतंत्र चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते श्रीलंकेचे न्यायविद क्रिस्टोफर वीरमंत्री, जे पुढे स्वतः हेगला न्यायाधीश झाले. आयोगाने १९८८ मध्ये दहा खंडांचा अहवाल दिला: जबाबदारी तीन सरकारांची आहे आणि पुनर्भरण शक्य आहे. डेव्ही समितीच्या ‘व्यवहारात अशक्य’ला पहिल्यांदाच तोडीस तोड कागद मिळाला. हे काम न्यायालयात जाण्याआधी केले, ही या प्रकरणातली सर्वांत अनुकरणीय गोष्ट आहे. दाव्याचा मसुदा लिहायला बसलेल्या वकिलांच्या हाती सनावळ्या, पत्रव्यवहार आणि जमिनीची पाहणी तयार होती.

मग प्रश्न होता, लढायचे कुठे आणि कुणाशी?

ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयात जाणे म्हणजे बनाबाच्या वाटेने जाणे. राजनैतिक वाटाघाटी म्हणजे १९६९ च्या उत्तराचीच पुन्हा प्रत. उरले हेग. पण तिथे जायला देशाने न्यायालयाच्या संविधीचा, म्हणजे त्याच्या मूळ नियमावलीचा, पक्षकार असावे लागते आणि दोन्ही बाजूंनी सक्तीचे अधिकारक्षेत्र मान्य केलेले असावे लागते. नाउरू सभासद नसल्याने संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ९३ व्या कलमाच्या दुसऱ्या परिच्छेदाची वाट वापरून जानेवारी १९८८ मध्ये तो संविधीचा पक्षकार झाला आणि मग अधिकारक्षेत्र मान्य केल्याची घोषणा दाखल केली. ऑस्ट्रेलियाची घोषणा तुलनेने मोकळी होती. ब्रिटनच्या घोषणेत मात्र राष्ट्रकुलातल्या देशांशी १९६९ पूर्वीच्या गोष्टींवरून होणारे वाद वगळलेले होते. भारतीय वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल: भारताच्या १९७४ च्या घोषणेतही राष्ट्रकुलाचा अपवाद होता, आणि त्याच आधारावर पाकिस्तानचा विमान पाडल्याचा दावा न्यायालयाने जून २००० मध्ये ऐकण्यास नकार दिला होता.

म्हणून दावा एकट्या ऑस्ट्रेलियावर लावला गेला. प्रशासक ऑस्ट्रेलियाचा, प्रत्यक्ष कारभार ऑस्ट्रेलियाचा, हे त्याचे समर्थन. यात जोखीम मोठी होती. १९५४ च्या ‘मॉनेटरी गोल्ड’ प्रकरणात न्यायालयाने ठरवले होते की जो देश समोर नाही त्याच्याच कायदेशीर हिताचा फैसला करावा लागत असेल तर प्रकरण चालवता येत नाही.

हेगमध्ये

ऑस्ट्रेलियाने गुणदोषांवर उत्तर देण्याऐवजी जानेवारी १९९१ मध्ये प्राथमिक हरकती मांडल्या: तुम्ही हक्क सोडला, विश्वस्त व्यवस्था संपली तेव्हा महासभेने सगळे मिटवले, उशीर केलात, ब्रिटन आणि न्यूझीलंड इथे नाहीत. २६ जून १९९२ च्या निकालात बहुतेक हरकती मोठ्या बहुमताने फेटाळल्या गेल्या. खरी लढाई शेवटच्या हरकतीवर झाली आणि ती ९ विरुद्ध ४ अशी फेटाळली गेली. न्यायालयाचे म्हणणे असे की ऑस्ट्रेलियाची जबाबदारी ठरवण्यासाठी इतर दोघांची आधी ठरवणे ही पूर्वअट नाही. त्याचा परिणाम म्हणून त्यांच्यावर प्रकाश पडेल एवढेच. हा युक्तिवाद आजही तिसऱ्या पक्षाच्या प्रत्येक वादात काढला जातो.

नाउरू एका मुद्द्यावर एकमताने हरला. १९८७ मध्ये तीन सरकारांनी कमिशनरांचे मंडळ गुंडाळले आणि त्याची परदेशातली मालमत्ता वाटून घेतली. तिच्यातही आमचा वाटा आहे, असे नाउरूने आपल्या सविस्तर निवेदनात म्हटले. पण मूळ अर्जात ते नव्हते. न्यायालयाने तो नवा दावा ठरवून बाहेर काढला. दोन वर्षे आधी मालमत्ता वाटली गेल्याचे माहीत असताना अर्जात एक वाक्य घालायचे राहिले. छोट्या देशांच्या वकिलांनी ही चूक पाठ करून ठेवावी: अर्ज म्हणजे दाव्याची सीमा, नंतरच्या निवेदनात ती वाढत नाही.

आणखी एक गोष्ट निकालाने उघडी ठेवली. ऑस्ट्रेलिया जबाबदार ठरला तर पूर्ण भरपाई देईल की आपल्या वाट्यापुरती? हे गुणदोषांच्या टप्प्यावर पाहू, असे न्यायालय म्हणाले. तडजोडीची किल्ली या एका वाक्यात होती. नाउरूला पूर्ण जिंकूनही काही भागच हाती पडण्याची भीती, आणि ऑस्ट्रेलियाला पूर्ण रक्कम एकट्यावर पडण्याची.

तडजोड

ऑस्ट्रेलियाचे प्रत्युत्तर मार्च १९९३ मध्ये दाखल झाले. त्या ऑगस्टमध्ये दक्षिण पॅसिफिक फोरमची (आजच्या पॅसिफिक आयलंड्स फोरमची) बैठक नाउरूमध्येच होती. यजमान देशाने आपल्यावर खटला चालवलेला असताना त्याच बेटावर प्रादेशिक नेतृत्वाची भाषा करणे ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान पॉल कीटिंग यांच्या सरकारला कठीण जाणार होते. १० ऑगस्ट १९९३ रोजी करार झाला: ५ कोटी ७० लाख रोख, आणि ५ कोटी वीस वर्षांत, दरवर्षी २५ लाख, १९९३ च्या किमतींनुसार वाढते. जबाबदारी मान्य केल्याचा शब्द नाही. सप्टेंबरमध्ये दावा मागे घेतला गेला. पुढे ब्रिटन आणि न्यूझीलंड यांनी प्रत्येकी १ कोटी २० लाख ऑस्ट्रेलियाला दिले. जे दोघे न्यायालयात नव्हते त्यांनीही अखेर वाटा उचलला.

नाउरूच्या जागी बसून पाहिले तर तडजोड नाकारणे सोपे नव्हते. गुणदोषांवर निकाल यायला आणखी काही वर्षे, वाटा किती ते अनिश्चित, आणि निकालाची अंमलबजावणी मोठ्या शेजाऱ्याच्या मर्जीवर. तरी माझ्या मते दोन गोष्टी स्वस्तात गेल्या. विश्वस्ताने संपत्ती खणून नेली तर त्याचे काय, या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिलेच नाही. पहिल्यांदाच ते मिळण्याइतके प्रकरण पुढे आले होते. आणि वीस वर्षांचे हप्ते विकास सहकार्याच्या चौकटीत बसवले गेले. भरपाई ही देणगीसारखी दिसू लागली, तिच्या कार्यक्रमांवर देणाऱ्याशी दरवर्षी चर्चा करावी लागू लागली. भरपाईची रक्कम वेगळ्या, तिसऱ्या पक्षाच्या देखरेखीखालच्या निधीत एकरकमी मागायला हवी होती, आणि रकमेसोबत हेक्टरांचे वेळापत्रक जोडायला हवे होते.

परिणाम: जमीन आणि पैसा

नाउरू पुनर्वसन महामंडळाचा कायदा १९९७ मध्ये झाला, म्हणजे तडजोडीनंतर चार वर्षांनी. काही तुकडे सपाट झाले, काही ठिकाणी बांधकाम झाले. पण सुळके तोडताना उरलेले फॉस्फेट निघू लागले आणि २००५ नंतर पुनर्भरणाच्या यंत्रणेची ताकद दुय्यम खाणकामाकडे वळली. रोख लागत होती. टॉपसाइडचा मोठा भाग आजही सुळक्यांचाच आहे.

त्याच काळात फॉस्फेटच्या उत्पन्नातून उभारलेला विश्वस्त निधी, ज्याचे मूल्य एके काळी एक अब्ज डॉलरच्या घरात होते, संपला. निधीतून सरकारची तूट भरली गेली, निधी तारण ठेवून कर्जे काढली गेली, तोट्यातल्या गुंतवणुकी झाल्या, हिशोबतपासणी वर्षानुवर्षे थकली. २००४ मध्ये धनकोंनी मालमत्ता ताब्यात घेतली आणि नाउरू हाउस विकले गेले. मधल्या काळात देशाने परदेशी बँकांची नोंदणी विकली आणि काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या यादीत गेला. तिथून २००५ मध्ये सुटला. हे सगळे वसाहतवादाच्या खाती टाकता येणार नाही. नाउरूच्या राज्यकर्त्यांनी ते केले. पण कमिशनरांच्या पन्नास वर्षांच्या राजवटीत स्थानिक लोकांना हिशोब, खरेदी, गुंतवणूक यांपैकी कशातही निर्णय घ्यायला बसवलेच नव्हते, ही गोष्ट १९६७ च्या हस्तांतरात कुणी लक्षात घेतली नाही. खाणीसोबत लेखापाल हस्तांतरित झाले नाहीत.

जमीन नाही, तर सार्वभौमत्व विकायला

सप्टेंबर २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने समुद्रातून आलेल्या निर्वासितांना नाउरूवर ठेवण्याचा करार केला. केंद्रे उभी राहिली ती टॉपसाइडच्या खणलेल्या जमिनीवर. २०१२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. जमीन पूर्ववत करण्याचे पैसे देणाराच त्या जमिनीचा भाडेकरू झाला.

तैवान आणि चीन यांच्यातली ये-जा याच गरजेतून समजते. जुलै २००२ मध्ये नाउरूने चीनला मान्यता दिली, मे २००५ मध्ये तैवानकडे परतला, १५ जानेवारी २०२४ रोजी, तैवानच्या निवडणुकीनंतर दोन दिवसांनी, पुन्हा चीनकडे गेला. सुमारे १२ हजार लोकांच्या देशाकडे विकण्याजोगे जे उरते त्यात मान्यता हा एक जिन्नस. दुसरा म्हणजे समुद्रतळ: जून २०२१ मध्ये नाउरूने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाला दोन वर्षांत खाणकामाचे नियम पूर्ण करायला लावणारे कलम वापरले, आपण पुरस्कृत केलेल्या कंपनीसाठी. पुन्हा खाण, पुन्हा परदेशी भांडवल, आणि बेटाच्या वाट्याला टनामागची रक्कम.

बेटावरची एकमेव बँक सेवा बंद करण्याची ऑस्ट्रेलियन बँकेने घोषणा केली, आणि चिनी बँक येण्याची शक्यता दिसताच कॅनबेरा हलले. ९ डिसेंबर २०२४ च्या कराराने ऑस्ट्रेलिया पाच वर्षांत १० कोटी डॉलर थेट अंदाजपत्रकाला आणि ४ कोटी पोलीस व सुरक्षेला देणार. बदल्यात सुरक्षा, बँकिंग आणि दूरसंचार या क्षेत्रांत तिसऱ्या देशाला आणायचे तर ऑस्ट्रेलियाची संमती लागणार. तुवालू या पॅसिफिकमधल्या बेटदेशाशी ऑस्ट्रेलियाने केलेल्या फालेपिली करारातही अशीच अट आहे.

नाउरूच्या अधिकाऱ्यांनी या करारावर सही करताना १९६७ ची पद्धत वापरली असती तर काय केले असते, हे पाहणे उपयोगी आहे. मजकुरात न बसलेली राखीव मते, उदाहरणार्थ संमती किती दिवसांत द्यायची, नकार दिल्यास पर्यायी सेवा कोण पुरवणार, पाच वर्षांनी पैसे थांबले तर अट टिकते का, ही पॅसिफिक आयलंड्स फोरमपुढे लेखी नोंदवता आली असती. ती अजूनही नोंदवता येतील. करार संपायला अवकाश आहे. आणि ऐवोच्या मागच्या सुळक्यांपैकी किती हेक्टर, कोणत्या क्रमाने, किती मातीने भरायचे, याची १९९३ मध्ये राहून गेलेली यादी करण्यालाही कुणाची संमती लागत नाही.